तलाव माणसाने बांधला, म्हणून काय?

शहरातल्या एखाद्या तलावाच्या काठावर काही उभारायचे ठरले आणि कोणी हरकत घेतली, की एक उत्तर ठरल्यासारखे येते: ‘हा तलाव नैसर्गिक नाहीच, माणसाने बांधलेला आहे.’ महापालिकेच्या सभागृहात ते दिले जाते, वाचकांच्या पत्रांत उमटते, न्यायालयातही मांडले जाते. पुढचा निष्कर्ष बहुधा बोलून दाखवावा लागत नाही. जे माणसाने केले त्यात निसर्ग कसला. आणि निसर्ग नसेल तर लोकांच्या करमणुकीसाठी तिथे कारंजे बसवायचे की काठाने रस्ता काढायचा, हे ठरवायला आपण मोकळे आहोत. गेल्या काही वर्षांत मुंबई आणि नागपूरच्या तलावांवरून जे मोठे वाद झाले, त्यांच्या मुळाशी हाच युक्तिवाद होता. तपासून पाहिला तर तो टिकत नाही. तरीही तो चालतो आणि त्याच्या जोरावर दरवर्षी कुठला ना कुठला काठ दगड-सिमेंटखाली जातो, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे भाग आहे.

समोरच्यांचे म्हणणे मी आधी त्यांच्या बाजूने मांडतो, कारण त्यात तथ्य आहे. शहरात माणसाला श्वास घ्यायला मोकळी जागा उरलेली नाही. वन-बीएचकेमध्ये राहणाऱ्या कुटुंबाला संध्याकाळी मुलांना घेऊन कुठे जायचे, हा खरा प्रश्न आहे. समुद्र असलेली शहरे मोजकी. बाकीच्यांना पाण्याकाठी बसायचे तर तलावच. नागपूरचा फुटाळा घ्या. भोसल्यांच्या काळात बांधलेला हा तलाव नागपूरकरांची चौपाटी आहे. एका बाजूला रस्ता आणि खाण्याच्या गाड्या, बाकीच्या बाजूंना हिरवाई. तिथे बसून मोठ्या झालेल्या पिढ्या आहेत. अशा ठिकाणी लोकांसाठी काही सोयी कराव्यात, ही मागणी चुकीची नाही. जे लोक तलाव फक्त पक्षीनिरीक्षकांसाठी राखून ठेवल्यासारखे बोलतात, त्यांच्याशी माझेही जमत नाही. तलाव शहराचा आहे आणि शहरातल्या प्रत्येकाला त्याच्या काठी जाता आले पाहिजे. माझा वाद पुढच्या पायरीशी आहे. करमणूक म्हणजे बांधकाम, आणि मानवनिर्मित म्हणजे बिनधास्त, ही जी दोन समीकरणे गृहीत धरली जातात, ती मला मान्य नाहीत.

फुटाळ्याचा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. संगीत कारंजे, रस्त्याकडेची प्रेक्षक दीर्घा, पाण्यातले कृत्रिम वडाचे झाड यांना एका स्वयंसेवी संस्थेने हरकत घेतली होती. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये निकाल दिला आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. फुटाळा मानवनिर्मित असल्यामुळे २०१७ च्या नियमांतल्या व्याख्येप्रमाणे ‘पाणथळ’ ठरत नाही, असे न्यायालय म्हणाले. हा निकाल हल्ली प्रत्येक तलावाच्या वादात पुढे केला जातो, आणि तो अर्धाच वाचला जातो. त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने असेही सांगितले की सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व नैसर्गिक साधनांपुरते मर्यादित नाही. माणसाने केलेल्या जलाशयांनाही ते लागू होते. तलावात कायमस्वरूपी बांधकाम होऊ नये, पाणी स्वच्छ राहावे, जलचरांना इजा होऊ नये, हे उच्च न्यायालयाने घातलेले बंधन तसेच राहिले. म्हणजे ज्या निकालाचा आधार घेऊन ‘आता काहीही करा’ असे सांगितले जाते, तो निकाल ‘वाटेल ते करू नका, तुम्ही विश्वस्त आहात’ असे सांगतो.

यात नवे काही नाही. २००६ मध्ये तिरुपतीजवळच्या अविलाला आणि पेरूरू या दोन तलावांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व लावले होते. ते तलावही गावाने पाण्यासाठी बांधलेलेच होते. राज्य म्हणजे तलावाचे मालक नाही. लोकांच्या वतीने आणि पुढच्या पिढ्यांसाठी तो सांभाळणारे आहे, ही भूमिका न्यायालयांनी इतक्या वर्षांत सोडलेली नाही.

आता २०१७ च्या नियमांबद्दल. पाणथळ जागांच्या संरक्षणाचे २०१० चे नियम होते, त्यांत नैसर्गिक आणि कृत्रिम दोन्ही जलाशय धरलेले होते. २०१७ मध्ये नवे नियम आले तेव्हा व्याख्येतून पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले जलाशय वगळले गेले; मत्स्यपालन, मिठागरे, करमणूक आणि सिंचन यांसाठी खास बांधलेल्या रचनाही वगळल्या गेल्या. बदलले ते एवढेच. त्या वर्षी कुठल्या तलावातले मासे कमी झाले नाहीत की पक्षी उडून गेले नाहीत. नियमाचा मसुदा लिहिताना काढलेली एक रेघ होती ती. तिचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे, कारण या नियमांनुसार पाणथळीच्या सरासरी महत्तम पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत बोटींचा धक्का सोडून कायमचे बांधकाम करता येत नाही. तलाव व्याख्येबाहेर गेला की हे ५० मीटर मोकळे होतात. शहरात ५० मीटर काठाची किंमत काय असते, हे वाचकाला सांगायला नको. ‘मानवनिर्मित’ या शब्दावर एवढा जोर का दिला जातो, याचे उत्तर मला तरी या ५० मीटरांत दिसते.

मुंबईच्या पवई तलावावर हाच युक्तिवाद झाला आणि तिथे तो हरला. पवईचा तलाव १८९० मध्ये बांधून पूर्ण झाला. १८६० चा विहार आणि १८७९ चा तुळशी मुंबईची तहान भागवायला अपुरे पडू लागले होते, म्हणून हा घाईने बांधला. त्याचे पाणी पिण्यासाठी चांगले निघाले नाही आणि पुढे ते उद्योगांना आणि आरे वसाहतीला दिले जाऊ लागले. तलाव भरला की पाण्याचा विस्तार सव्वादोन चौरस किलोमीटरच्या आसपास होतो, ५४५ कोटी लिटर पाणी साठते आणि ओसंडलेले पाणी मिठी नदीला मिळते. या तलावाभोवती सायकल मार्ग काढायचे महापालिकेने ठरवले. जाळीच्या पेट्यांत दगड भरून, म्हणजे ‘गॅबियन’ पद्धतीने, काठावर भराव घालायला सुरुवात झाली. दगडांमधून पाणी झिरपते, सिमेंट वापरलेले नाही, त्यामुळे निसर्गाला धक्का नाही, असा दावा होता. ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हे काम बेकायदा ठरवले. झालेले बांधकाम काढून जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. देशाच्या पाणथळ नकाशासंग्रहात २,०१,५०३ जागा नोंदलेल्या आहेत आणि त्यांना २०१० च्या नियमांतल्या तत्त्वांप्रमाणे संरक्षण द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितले होते. त्या नकाशासंग्रहात तळी आणि धरणांचे जलाशय यांचा स्वतंत्र वर्ग आहे. उपग्रहावरून पाणथळी मोजणाऱ्या शास्त्रज्ञांना, पाणी कोणी अडवले यावरून ती जागा बाद करावी, असे वाटले नव्हते.

सायकल मार्गाची कल्पना ज्यांना आवडली होती, त्यांच्याबद्दल माझ्या मनात कडवटपणा नाही. मुंबईत सायकल चालवायला जागा हवी, हे खरेच आहे. पण ती पवईच्या काठावर का नको, हे समजून घ्यायचे तर तलावाच्या काठावर नेमके काय घडते ते पाहावे लागेल. या साऱ्या वादात तोच भाग कोणी पाहत नाही.

तलावाचे जीवन मध्यभागातल्या खोल पाण्यात फारसे नसते. ते काठाच्या उथळ पट्टीत असते. जिथे गुडघाभर किंवा त्याहून कमी पाणी आहे, सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचतो आणि पाणकणीस, लव्हाळे, पाण्यात बुडालेल्या वनस्पती वाढतात, तिथे मासे अंडी घालतात, बेडूक वाढतात, चतुर आणि त्यांच्या अळ्या राहतात. त्यांच्यावर सारे पक्षी जगतात. प्रत्येकाची जागा ठरलेली असते. शेकाट्या आणि तुतारी चिखलाच्या कडेने फिरतात, कारण त्यांची चोच ओल्या चिखलात टोचायलाच घडलेली आहे. ढोकरी पाण्याच्या ऐन काठाशी थांबते. कमळपक्षी तरंगत्या पानांवरून चालतो. जांभळी पाणकोंबडी गवताच्या दाटीत घरटे करते. टिबुकली आणि हळदीकुंकू बदक मोकळ्या पाण्यात दिसतात, पण पिल्ले घेऊन आडोशाला गवतातच जातात. पाणी उतरते तशी ही पट्टी आत सरकते, पावसाळ्यात बाहेर येते. काठाचा उतार सौम्य असेल तरच हे जमते.

आता तिथे उभी भिंत घाला किंवा दगडांच्या पेट्या रचा. पाणी सरळ भिंतीला लागते, उथळ पट्टी संपते, चिखल उघडा पडत नाही. तलावात पाणी तेवढेच राहते, दिसतेही छान, आणि त्यातले निम्मे जीवन नाहीसे होते. दगडांतून पाणी झिरपते की नाही, हा प्रश्न इथे गैरलागू आहे. शेकाट्याला झिरपणारा दगड नको आहे, त्याला चिखल हवा आहे.

पवईत यात मगरीची भर पडते. या तलावात दलदलीच्या मगरी आहेत. हिवाळ्यात ऊन खायला त्या काठावर आणि पाण्यातल्या उंचवट्यांवर येतात. थंड रक्ताच्या प्राण्याला ऊन मिळाले नाही तर त्याला अन्नही नीट पचवता येत नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मादी काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि पावसाच्या तोंडावर पिल्ले बाहेर येतात. वन्यजीव संरक्षण कायद्यात ही मगर पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. तिला लागते ती मऊ मातीची, माणसांची वर्दळ नसलेली उतरती कड. त्या कडेवर दगड भरून वरून दिवसभर सायकली गेल्या, तर मगरीने अंडी कुठे घालायची? मग ती दुसरीकडे जाते, माणसांच्या वस्तीत सापडते, आणि ‘मगर शहरात शिरली’ अशी बातमी होते.

यावर कोणी म्हणेल, मगर आणि पक्षी तिथे नंतर आले, मूळचे नव्हतेच. बरोबर आहे. आजोबांनी लावलेल्या आंब्यावर पाखरांनी घरटी केली, तर ती पाखरे खोटी ठरत नाहीत. महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ कोणते? नांदूर मधमेश्वर. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी ब्रिटिश काळात बंधारा घातला गेला, शेतीच्या पाण्यासाठी. नद्यांनी आणलेला गाळ साठत गेला, जलाशय उथळ झाला, बेटे तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या. अभियंत्याच्या हिशेबात साठवण घटली. पक्ष्यांच्या हिशेबात हवे तेच झाले, आणि हजारो किलोमीटर उडून येणारे पाहुणे तिथे उतरू लागले. २०२० मध्ये या जागेला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाल्याचे जाहीर झाले. तिला महाराष्ट्राचे भरतपूर म्हणतात. आणि ज्याच्यावरून हे नाव पडले ते राजस्थानातले भरतपूरही माणसाचीच करणी आहे. अजान बंधाऱ्याचे पाणी घेऊन संस्थानिकांनी शिकारीसाठी तिथे पाणथळ घडवली. १९८१ मध्ये ती रामसर स्थळ झाली आणि १९८५ मध्ये जागतिक वारसा. भोपाळचा मोठा तलाव अकराव्या शतकात राजा भोजाने मातीचा बांध घालून केला, असे मानतात. २००२ मध्ये तोही रामसर यादीत गेला. पैठणचा नाथसागर, भिगवणला रोहित पक्ष्यांसाठी गर्दी होते तो उजनीचा फुगवटा, हे सारे धरणांचे पाणी आहे. मानवनिर्मित पाण्यात निसर्ग नसतो असे मानायचे, तर महाराष्ट्राच्या पठारावरची जवळजवळ सगळी पक्षी-स्थळे पुसून टाकावी लागतील. दख्खनच्या या कोरड्या पठारावर मोठी नैसर्गिक सरोवरे जवळपास नाहीतच. लोणार हा अपवाद, आणि तोही उल्केच्या आघाताने झालेला. इथला पाणपक्षी शतकानुशतके माणसाने अडवलेल्या पाण्यावरच जगत आला आहे.

निसर्गाची बाजू ज्यांना हळवी वाटते, त्यांच्यासाठी अभियंत्याची बाजू सांगतो. मानवनिर्मित तलाव हे यंत्र आहे. पाणलोट, आत येणारे ओढे, बांध आणि सांडवा हे त्याचे भाग. नैसर्गिक सरोवराला आपली वाट हजारो वर्षांत सापडलेली असते. बांधलेल्या तलावाला ती आपण हिशेब करून दिलेली असते. त्यामुळे इथे हस्तक्षेप अधिक जपून करावा लागतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. १८७० मध्ये शहराच्या पाण्यासाठी बांधलेला अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरले, माणसे दगावली, हजारो घरांतला संसार चिखलात गेला. सांडव्याजवळ उभारलेले स्मारक पाण्याच्या वाटेत येते की नाही, हा वाद मग उच्च न्यायालयात गेला. त्या पुराला अनेक कारणे होती: पाऊस विलक्षण होता, नदीचे पात्र आवळलेले होते, पूल अरुंद होते. पण तलाव शोभेचा आहे असे मानून त्याच्या सांडव्याचा परिसर सुशोभीकरणाची जागा समजायची, ही सवय त्या रात्रीने सगळ्यांसमोर उघडी पाडली. बांध-सांडवा ज्यांनी बांधला त्यांनी पाण्याच्या वाटेत काही ठेवले नव्हते. मानवनिर्मित तलावाबद्दल एवढेच खरे असेल की तो आपण केला आहे, तर त्याच्या सुरक्षेची जबाबदारीही संपूर्ण आपलीच आहे.

‘लोक आले, सोयी झाल्या, की तलाव जपला जातो, नाहीतर त्याची गटारगंगा होते,’ हा युक्तिवाद मी अनेक समंजस माणसांकडून ऐकला आहे. तो ऐकायला पटतो. प्रत्यक्षात काय दिसते? पवई तलावात रोज सुमारे १ कोटी ८० लाख लिटर सांडपाणी जाते, असा महापालिकेचाच अंदाज आहे. भोवताली देशातले नामांकित शिक्षणसंकुल, पंचतारांकित हॉटेल, मुंबईतल्या महागड्या इमारती आणि सुशोभित फिरण्याची जागा आहे. गर्दी कमी नाही. तरीही सांडपाणी येते, त्यातला नत्र आणि स्फुरद जलपर्णीला खत होतो, आणि अनुकूल हवामानात पंधरवड्यात दुप्पट होणारी ही वनस्पती पाणी झाकून टाकते. खाली उजेड पोचत नाही, कुजणाऱ्या पानांत प्राणवायू संपतो, मासे मरतात. मग यंत्रे लावून जलपर्णी काढली जाते आणि सांडपाणी चालूच असल्याने ती पुन्हा वाढते. कोल्हापूरच्या रंकाळ्यावर शहराचे जेवढे प्रेम आहे तेवढे क्वचितच कुठल्या तलावावर असेल. सकाळ-संध्याकाळ तिथे माणसांची रीघ असते. तरी नाल्यांनी आणलेल्या मैल्यामुळे रंकाळ्याला केंदाळ आणि हिरव्या शेवाळाने अनेकदा ग्रासले, आणि कोल्हापूरकरांना त्यासाठी रस्त्यावर यावे लागले. लोकांचे प्रेम असूनही तलाव मरू शकतो, कारण मैला बाकाखालून आणि दिव्यांखालून येत नाही, जमिनीखालच्या नळातून येतो. प्रेमाला वळण देऊन ते सांडपाण्याच्या वाहिनीपर्यंत पोचवणे हे प्रशासनाचे काम आहे. कारंज्याच्या उद्घाटनाला फीत असते, मलनिस्सारण वाहिनीला नसते, आणि अंदाजपत्रकात पैसा फितीच्या मागे जातो. मला याचा राग आहे आणि तो लपवण्याचे कारण दिसत नाही.

करमणूक आणि निसर्ग यांचा मेळ बसतो का? बसतो, आणि तोही पूर्णपणे कृत्रिम तलावात. चंदीगडचा सुखना तलाव १९५८ मध्ये शिवालिकच्या टेकड्यांतून येणारा हंगामी ओढा अडवून केला. शहराचे वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा यांची ही निर्मिती, आणि हेतू उघडउघड नागरिकांच्या विरंगुळ्याचा होता. पण कॉर्बुझिए यांचा दोन गोष्टींवर आग्रह होता: पाण्यात मोटर बोट नको आणि बांधावरच्या फिरण्याच्या वाटेवर वाहन नको. पाण्याकाठची शांतता हीच माणसाची करमणूक, हे त्यांनी ओळखले होते. पुढे टेकड्यांवरून येणाऱ्या गाळाने तलावाच्या क्षमतेचा मोठा हिस्सा गिळला. तेव्हा काठावर नवे काही बांधण्याआधी वरच्या पाणलोटात झाडे लावली गेली, छोटे बंधारे घातले गेले, आणि नागरिक स्वतः टोपल्या घेऊन श्रमदानाने गाळ काढायला उतरले. पाणलोटातले जंगल १९९८ मध्ये अभयारण्य झाले. आज लोक बांधावर फिरतात, वल्ह्याच्या बोटी चालतात, आणि हिवाळ्यात मध्य आशियातून पक्षी उतरतात. सुखनाचेही प्रश्न आहेत, पाणलोटातल्या बांधकामांवरून न्यायालयात दीर्घ लढा झाला. पण शिस्त आधीच घालून दिली तर हे दोन्ही हेतू एका पाण्यात नांदू शकतात, याचा तो जिवंत पुरावा आहे. भोपाळच्या मोठ्या तलावात क्रूझ आणि मोटर बोटी सुरू झाल्या होत्या. २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्या बंद करायला सांगितल्या. जे पाणी शहर पिते त्यात डिझेल सांडत फिरण्याला करमणूक म्हणायचे नाही, एवढी साधी गोष्ट लवादाला सांगावी लागली.

रात्रीच्या रोषणाईबद्दलही थोडे बोलले पाहिजे. तलावाकाठची झाडे ही बगळे, पाणकावळे, शराटी यांची रात्रीची वस्ती असते. दिवस मावळताना ते थव्याने येऊन बसतात, आणि ध्वनिक्षेपक व रंगीत झोत सुरू होण्याची वेळही नेमकी तीच. एखादी रात्र त्यांना उठवले तर ते परत येतात. रोज उठवले तर वस्ती हलते, आणि हललेली वस्ती परत येत नाही. कारंज्याचे खेळ पाहायला आलेल्या माणसाच्या आनंदाला मी कमी लेखत नाही. पण तो खेळ कुठल्याही मैदानात, कुठल्याही टाकीत करता येतो. पाणकावळ्याला झोपायला दुसरा तलाव शहरात नाही.

आणि पैशांचे काय? तलावाची देखभाल महाग आहे, उत्पन्न हवे, म्हणून व्यवसाय आणायचे, असे सांगितले जाते. हा हिशेबच अपुरा आहे. तलाव भूजल भरतो, पूर थोपवतो, भोवतालचा उन्हाळा काही अंशी कमी करतो. हे उत्पन्न कुठल्याच वहीत लिहिले जात नाही, कारण त्याचे तिकीट फाडता येत नाही. शिवाय तिकीट लावले की सर्वांत आधी बाहेर पडतो तो पैसे नसलेला माणूस. त्याच्याच नावाने हा प्रकल्प मांडलेला असतो. फुकट बसायची कठड्यावरची जागा ही गरीब शहरवासीयाची मोठी श्रीमंती आहे. ती काढून घेणारी योजना लोकहिताची म्हणता येणार नाही.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. तलावात येणारा प्रत्येक नाला अडवून, शुद्ध करून किंवा वळवून झाल्याशिवाय काठावर एक रुपयाही सुशोभीकरणाला खर्च होऊ नये. तलाव भरल्यावर पाणी जिथवर पोचते त्या रेषेच्या आत आणि सांडव्याच्या वाटेत काहीही कायमचे बांधू नये, मग कायद्याच्या व्याख्येत तो तलाव बसो वा न बसो. काठाचा थोडा भाग माणसांसाठी चांगला करावा: बसायला बाके, पिण्याचे पाणी, स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे, व्हीलचेअर जाईल अशी सपाट वाट. उरलेला मोठा भाग मातीचा, उताराचा, अंधाराचा ठेवावा. गाळ काढायचा तर एका वर्षी एकाच भागातला काढावा, म्हणजे उथळ पट्टी एकदम नाहीशी होणार नाही. बोट वल्ह्याची किंवा पायडलची असावी. हे खर्चिक नाही. ज्यांना तलावाकाठी मिरवायचे आहे त्यांना यात मिरवण्यासारखे काही मिळणार नाही, एवढीच अडचण आहे.

वाचकांना एक विनंती. तुमच्या शहरातल्या तलावाचा आराखडा आज ना उद्या जाहीर होईल आणि हरकती-सूचनांसाठी थोड्या दिवसांची मुदत असेल. तेव्हा चित्रातली झाडे आणि दिवे पाहू नका. सांडपाणी कुठून येते, सांडवा कुठे आहे आणि मातीचा काठ किती उरणार, हे तीन प्रश्न लेखी विचारा आणि उत्तर लेखी मागा. ‘तलाव मानवनिर्मित आहे’ असे उत्तर आले, तर सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये अशाच तलावांबद्दल राज्याला विश्वस्त म्हटले आहे, हे त्यांना त्याच कागदावर लिहून कळवा.